जमिनीच्या व्यवहारात आपला माणूस : एजंटच्या परीक्षेची तयारी

(बेळगाव येथे मंडळाच्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसणारी माणसे. भाषण करणे हे आमचे काम नाही. पण घरकर्जाच्या फायली रोज हातांखालून जातात आणि त्या फायलींत आपल्याच गल्लीतली, आपल्याच आडनावांची माणसे दिसतात. त्यातून जे लक्षात आले, तेवढेच आज सांगणार आहोत.

या सभागृहात आपण जमिनीबद्दल पुष्कळ बोलतो. वाडे गेले, गावठाणाकडेच्या शेतांवर इमारती उठल्या, आपला माणूस शहराच्या कडेला फेकला गेला, असे ठराव आपण केले. ते खोटे नाहीत. पण जमीन जात असते त्या दिवशी, त्या टेबलावर, कागद वाचू शकणारा आपला माणूस बसलेला असतो का? मध्यस्थ असतो. पुष्कळदा तो आपलाच मुलगा असतो. बारावी किंवा पदवी झाली, नोकरी लागली नाही, म्हणून मोटारसायकलवरून लोकांना प्लॉट दाखवतो. दोन टक्के, एक टक्का जे मिळेल ते घेतो आणि साक्षीदार म्हणून सही करतो. कायदा काय म्हणतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. या मुलांनी दलालीऐवजी धंदा करावा, रीतसर परवाना घेऊन करावा, त्यासाठी जी परीक्षा आहे तिला बसावे, हे सांगायला आज आम्ही उभे आहोत.

कायदा कोणता, ते आधी पाहू. स्थावर संपदा नियमन व विकास अधिनियम, २०१६. लोक त्याला रेरा म्हणतात. त्यातली काही कलमे १ मे २०१६ पासून आणि उरलेली १ मे २०१७ पासून लागू झाली. कायदा संसदेचा, पण अंमलबजावणीसाठी प्रत्येक राज्याचे वेगळे प्राधिकरण आणि वेगळे नियम आहेत. या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी असलेल्या प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत विकायला वा घ्यायला मदत करणाऱ्या एजंटने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे. नोंदणी क्रमांक मिळतो आणि प्रत्येक व्यवहारात तो लिहावा लागतो.

महाराष्ट्राने याच्या पुढचे पाऊल टाकले. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. आधी वीस तासांचे प्रशिक्षण, मग परीक्षा, ती उत्तीर्ण झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र, अशी ही रीत. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. चारशेहून अधिक लोक बसले आणि बहुतेक सगळे उत्तीर्ण झाले. १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्र नसलेल्याला हे काम करता येत नाही. हे नुसते कागदावर राहिले नाही. २०२४ साली महारेराने प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली.

आमच्या तरुणांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही परीक्षा मराठीतून देता येते. आपण सीमाभागातली माणसे. मराठीतून पोटापाण्याची परीक्षा द्यायची संधी आपल्याला कितीदा मिळते, हे आपणच जाणतो. आणि परीक्षा घेणारी संस्थाही ओळखीची आहे. बँकेच्या क्लार्कच्या भरतीची परीक्षा घेणारी आयबीपीएस, तीच ही परीक्षा संगणकावर घेते. ज्या मुलांनी बँकेच्या परीक्षेसाठी दोन-दोन वर्षे क्लास लावले आणि निवड झाली नाही, त्यांना ही पद्धत सवयीची आहे. त्यांचा तो अभ्यास वाया गेलेला नाही.

आता कोणी विचारेल, आपण बेळगावात राहतो, महाराष्ट्राच्या परीक्षेचा आपल्याला काय उपयोग? नकाशा डोळ्यांपुढे आणा. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि आपण स्वतः कर्नाटकात. आपली मुले पुण्याला आणि कोल्हापूरला फ्लॅट घेतात, गोव्यात घेतात, गावाकडची जमीन इथे विकतात. तीन राज्यांचे कागद एकाच घरात असतात. मात्र नोंदणी प्रत्येक राज्यात वेगळी करावी लागते. महारेराचा क्रमांक दाखवून बेळगावातल्या लेआउटमधला प्लॉट विकता येणार नाही. त्यासाठी कर्नाटकच्या प्राधिकरणाची नोंदणी लागते, गोव्यासाठी गोव्याची. पण मूळ कायदा तिन्हीकडे एकच असल्यामुळे एकदा नीट अभ्यास केला तर त्यातला मोठा भाग तिन्हीकडे कामाला येतो.

आता तयारीकडे येऊ. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, त्यामुळे अभ्यासाची मांडणी खातेवहीसारखी करतो. चार खाती उघडायची : व्याख्या, आकडे, कर्तव्ये आणि कागद.

पहिले खाते व्याख्यांचे. कलम २ मध्ये कायद्यातल्या शब्दांचे अर्थ दिले आहेत. त्यातला चटई क्षेत्राचा अर्थ पाठच करावा. घराच्या आतली वापरायची जागा म्हणजे चटई क्षेत्र. आतल्या भिंतींची जागा त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्टची जागा, बाल्कनी, व्हरांडा आणि खुली गच्ची धरत नाहीत. याचा हिशेब उदाहरणाने पाहा. बिल्डर सांगतो, ९०० चौरस फुटांचा फ्लॅट, किंमत ४० लाख. दर झाला सुमारे ४,४४४ रुपये. कागद पाहिला तर चटई क्षेत्र निघाले ६२० चौरस फूट. आता दर झाला सुमारे ६,४५२ रुपये. पैसे तेवढेच, घर मात्र लहान. हा फरक गिऱ्हाईकाला सही करण्याआधी सांगणे हे एजंटचे काम आहे.

दुसरे खाते आकड्यांचे. पर्याय निवडायच्या परीक्षेत आकड्यांवर प्रश्न हमखास असतात, आणि आपले लोक याच ठिकाणी मागे पडतात. म्हणून आकड्यांची एक पट्टी करून कपाटाच्या दारावर लावावी. विकसित करायची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे आणि ते त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर व जमिनीवर खर्च करायचे. विक्रीचा करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेता येत नाही. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटला करारापूर्वी जास्तीत जास्त ४ लाख. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तो कळवला, तर ३० दिवसांच्या आत बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ग्राहकाने दोन महिन्यांत ताबा घ्यायचा. प्राधिकरणाच्या निर्णयावर अपील करायची मुदत ६० दिवस.

पाचशे चौरस मीटर हा आकडा आपल्याकडच्या मापात फिरवून पाहा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. पाच गुंठे झाले ५०६ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्याचे प्लॉट पाडून विकायला निघालेला माणूस या कायद्याच्या कक्षेत येतो. आपल्या भोवतालच्या गावांत पाच-दहा गुंठ्यांचे असे कितीतरी तुकडे पडताना आपण पाहतो. तिथे उभा राहून प्लॉट दाखवणाऱ्या मुलाला हे गणित ठाऊक असायला हवे.

मापांचा सराव वेगळा करावा. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, जवळपास अडीच एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. कर्नाटकचा उतारा एकर-गुंठ्यात बोलतो, महाराष्ट्राचा सात-बारा हेक्टर-आरमध्ये बोलतो. ज्याला एका मापातून दुसऱ्या मापात तोंडी जाता येते, त्याच्यावर गिऱ्हाईकाचा विश्वास लवकर बसतो.

तिसरे खाते कर्तव्यांचे. कलम १० मध्ये एजंटने काय करायचे आणि काय करायचे नाही ते स्पष्ट सांगितले आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली मालमत्ता विकायला मदत करायची नाही. हिशेबाची पुस्तके ठेवायची. नसलेल्या सोयी आहेत म्हणून सांगायच्या नाहीत, खोटी जाहिरात करायची नाही. ग्राहकाला मागतील ती माहिती आणि कागद मिळवून द्यायचे. कलम ९ किंवा १० मोडले तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो वाढत जाऊन त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जातो. पुन्हा तेच ४० लाखांचे घर घ्या. पाच टक्के म्हणजे २ लाख, आणि ते वीस दिवसांत भरतात. एक टक्का दलाली मिळाली असेल तर ती ४० हजार. ४० हजारांसाठी २ लाखांचा धोका पत्करायचा, हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही.

इथे एक खुलासा करतो, कारण नंतर प्रश्न येतात. हा कायदा बिल्डरच्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी आहे. एका माणसाने आपले जुने घर किंवा शेत दुसऱ्याला थेट विकले, तर त्या व्यवहारातल्या मध्यस्थाला रेराची नोंदणी लागत नाही. पण म्हणून तिथे अभ्यास लागत नाही असे कोणी समजू नये. आपल्या जुन्या घराण्यांचे सगळ्यात जास्त नुकसान याच व्यवहारांत होते.

म्हणून चौथे खाते, कागदांचे, आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. महाराष्ट्रात सात-बारा, आठ-अ आणि फेरफार वाचता आले पाहिजेत. सात-बाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. कर्ज, कूळ, वाद यांच्या नोंदी तिथे असतात. कर्नाटकात आपण ज्याला नुसता उतारा म्हणतो, त्या पहाणीचे तीन रकाने पाठ करायचे. नवव्यात कब्जेदाराचे नाव, दहाव्यात जमीन त्याच्याकडे कशी आली, अकराव्यात हक्क आणि ऋण. गोव्यात फॉर्म एक-चौदा असतो. त्यात कब्जेदार पाहायचा आणि कूळ वा मुंडकार आहे का तेही पाहायचे. शिवाय गोव्यात विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः नवरा-बायकोची सामाईक मानतात. त्यामुळे विक्रीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे इकडून गेलेला खरेदीदार अडकतो.

शेतजमिनीचे नियमही राज्याराज्यांत वेगळे आहेत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकात तशी बंधने घालणारी कलमे ७९-अ आणि ७९-ब २०२० साली काढून टाकली गेली. त्यामुळे आता कोणीही आपल्या गावची शेती विकत घेऊ शकतो. हा बदल शेतकऱ्याला फायद्याचा की तोट्याचा, यावर या सभागृहात वेगवेगळी मते असतील. पण खरेदीदारांची रांग लांब झाली आहे, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूला जाणकार माणूस असणे जास्त गरजेचे झाले आहे, यावर दुमत नसावे.

वारसांचा विषय नाजूक आहे, तरी बोललेच पाहिजे. जुन्या वाड्यांच्या फायली अडतात त्या बहिणींच्या सह्यांवर. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने १९९४ पासून, आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क तिला जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. तरी आजही भाऊ सांगतात, ताईचं काय, ती देते सही. एजंटने अशा वेळी थांबायचे. ताईंना घरी जाऊन भेटायचे, हक्क समजावून सांगायचा, मग त्या देतील तो निर्णय. जो एजंट ताईंना टाळून व्यवहार रेटतो, तो आज दलाली घेतो आणि उद्या समन्स घेतो.

तसेच शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेल्या जागांचे. आपल्या भागात पुष्कळ कुटुंबे अशा जागांवर घर बांधून राहिली आहेत. कायदा सांगतो की शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नुसत्या वटमुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले. अशी फाइल आमच्या काउंटरवर आली की कर्ज मिळत नाही. त्या माणसाने आयुष्याची पुंजी घातलेली असते, आणि आम्हाला फाइल परत करावी लागते. त्याला तो प्लॉट दाखवणाऱ्याने एकदा कायदा वाचला असता, तर ही वेळ आली नसती.

आता एक गोष्ट थोड्या धाडसाने सांगतो. आपल्या घरांत १९५६ पूर्वीचे कागद मराठीत आणि मोडीत आहेत. आजचा उतारा कन्नडमध्ये येतो. बँकेचा फॉर्म इंग्रजीत असतो. कागद मराठीतून मिळावेत ही आपली मागणी रास्त आहे आणि ती आपण सोडणार नाही. पण मागणी पूर्ण होईपर्यंत उतारा वाचता आला पाहिजे. हक्क आणि ऋण हे शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच आहेत. उताऱ्यावरचे तीस-चाळीस कन्नड शब्द शिकल्याने कोणाचे मराठीपण कमी होत नाही. उलट न वाचता सही केल्याने जमीन कमी होते. मोडीही तशीच शिकावी. आजोबांच्या पेटीतला कागद वाचणारा मुलगा घरातल्या घरात पुष्कळ तंटे मिटवू शकतो.

अभ्यासाचे वेळापत्रक सोपे ठेवावे. दिवसभर काम करणाऱ्यालाही रात्री एक तास काढता येतो. पहिल्या आठवड्यात व्याख्या आणि कलम ३ व ४. दुसऱ्यात एजंटची कलमे ९ आणि १०. तिसऱ्यात बिल्डर आणि ग्राहक यांची कर्तव्ये, कलमे ११ ते १९. चौथ्यात तक्रार, अपील आणि दंड. पाचव्यात महाराष्ट्राचे नियम, करारनाम्याचा नमुना आणि महारेराच्या संकेतस्थळाचा सराव. प्रकल्प शोधून त्याची मंजुरी, मुदत, दावे पाहता आले पाहिजेत. सहाव्यात नुसते प्रश्न सोडवायचे. कायद्याची मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून वाचावी, म्हणजे 'आवंटिती', 'प्रवर्तक' असे शब्द परीक्षेत आले तर गोंधळ होत नाही. आवंटिती म्हणजे घर घेणारा, प्रवर्तक म्हणजे बिल्डर. प्रश्न वाचताना 'किंवा' आणि 'आणि', 'दिवस' आणि 'महिने' यांच्याखाली बोट ठेवून वाचायचे. वीस तासांचे प्रशिक्षण नुसते हजेरीसाठी करू नये. तिथे शंका विचाराव्यात.

मंडळाकडेही आमचे मागणे आहे. वाचनालयाची खोली रात्री आठ ते नऊ रिकामी असते. ती या अभ्यासवर्गाला द्यावी. आपल्यात निवृत्त तलाठी आहेत, वकील आहेत, नोंदणी कचेरीत काम केलेले लोक आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. हिशेब, कर्ज आणि बँकेच्या कागदांचा भाग आम्ही घेऊ. मुलींनाही बसवा. जिथे बहिणींच्या हक्काचा प्रश्न आहे, तिथे एखादी मुलगी एजंट म्हणून घरात आली तर ताई मोकळेपणाने बोलतील.

आणि ज्येष्ठांना विनंती. आपण वाडा किंवा शेत विकायला काढाल, तेव्हा ओळखीचा आहे एवढ्यावर कोणाला मध्यस्थ करू नका. प्रकल्पातली मालमत्ता असेल तर नोंदणी क्रमांक विचारा. उतारा त्याच्याकडून वाचून घ्या. आपल्याच नातवाला विचारावे लागले तरी विचारा. तो चिडणार नाही. अभ्यास केलेला असेल तर आनंदाने क्रमांक सांगेल.

 अभ्यासवर्गासाठी ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांच्या टेबलावर द्यावे. वही आणि पेन तिथे ठेवले आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.